पाटावरचं इंजिन

कमळाकरनं त्या आषाढ-श्रावणात इंजिनाला जेवढ्या शिव्या दिल्या, तेवढ्या उभ्या जन्मात कुणाला दिल्या नव्हत्या. आणि इंजिन तरी केवढं? मुठीत मावेल एवढं. साहेबलोकांची पोरं हलक्या लाकडाची विमानं करून मैदानात उडवतात, त्या विमानाच्या नाकावर बसवायचं ते इंजिन. विमान कमळाकरकडं नव्हतं, पुढं कधी होण्यातलंही नव्हतं. नुसतं इंजिन होतं, तेही कुणीतरी वापरून टाकलेलं, मुंबईच्या चोरबाजारात एका जुन्या सामानवाल्याकडून उचललेलं. बदल्यात दिलं काय, तर लग्नात सासऱ्यानं हौसेनं मनगटावर बांधलेलं घड्याळ. शहाण्या माणसानं असा सौदा केला नसता. पण कमळाकरच्या शहाणपणाला एक भोक होतं आणि त्या भोकातून कुठलंही यंत्र बिनदिक्कत आत शिरत असे.

हे इंजिन त्यानं एका पाटावर बोल्टांनी आवळून बसवलं होतं. पाट आईचा, धोंडूबाईचा. त्यावर बसून ती मासळी साफ करायची. पाट गेल्यापासून ती उकिडवी बसायची, आणि एकेक बोय साफ करताना लेकाच्या नावानं बोटं मोडायची. वाशी गावात दुसरा पाट मिळत नव्हता असं नाही. पण तिला तोच हवा होता, आणि तो आता एरंडेलानं इतका माखला होता की त्यावर बसणारा खाडीपर्यंत घसरत गेला असता.

खरं तर हे खेळणं खेळणंच राहिलं असतं. पण उचलली जीभ लावली टाळ्याला, ही कमळाकरची जुनी खोड. ज्येष्ठात तो बायकोला, काशीला, आणायला उरणजवळ मोऱ्याला सासुरवाडीला गेला. सासरा गोटीराम तांडेल मोठा खट माणूस. मोऱ्याच्या बंदरात होडीला इंजिन बसवून घेणाऱ्या पहिल्या काहीजणांतला. ते इंजिन चालवायला त्यानं बहिणीच्या मुलाला, नामाला, ठेवलं होतं. आणि ती होडी वर्षभरात भर समुद्रात इतक्यांदा बंद पडली, की बंदरावरची माणसं गोटीरामला शीड दान करायला निघाली होती. नामा दर वेळी तेलाच्या जाळीतला गाळ साफ करायचा आणि म्हणायचा, "मामा, तेलात गाल येतंय. कुठनं येतंय ते बगा." एक दिवस गोटीरामचं डोकं फिरलं. तू डिझेल बाहेर विकतोस आणि टाकीत भलतंच ओततोस, असं त्यानं बंदरावर चारचौघांत भाच्याला सुनावलं आणि हाकलून दिलं. नामा आता मिठागरावर टोपल्या वाहत होता. गोटीरामची बहीण तेव्हापासून भावाची पायरी चढली नव्हती.

तर होडीला ड्रायव्हर हवा होता. जेवताना विषय निघाला आणि कमळाकर भाताचा घास हातात धरून म्हणाला, "इंजिनाचं मना कलतंय, मामा. माज्या घरात इंजिन हाय."

"चालतंय?" गोटीरामनं विचारलं.

"चालतंय म्हंजे? एका टिचकीत."

इंजिन तोवर एका शिंकेपेक्षा जास्त कधी चाललं नव्हतं. काशीनं नवऱ्याकडं पाहिलं आणि आमटी वाढायला आत गेली.

गोटीराम शितावरून भाताची परीक्षा करणारा. तो म्हणाला, "मंग मी येतो बगाया. नारली पुनवेच्या आदी येतो. माज्या डोल्यासमोर टाकी रिकामी होईस्तवर चाललं, तर होडी तुमच्या हातात. खेलन्यातलं चालवता आलं नाय, तर होडीचं नावपन काडू नका."

कमळाकरला ती होडी हवी होती. नुसती हवी नव्हती, तिच्यासाठी तो रात्री तळमळायचा. ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या एका कारखान्यात तो कोठारात होता. दिवसभर खिडकीत बसून नट द्यायचे, बोल्ट द्यायचे, वायसर द्यायचे. भिंतीपलीकडं यंत्रं घरघरत असायची आणि ती सगळी दुसऱ्यांच्या हातात. यंत्रावर घ्या म्हणून त्यानं मुकादमाला विनवून पाहिलं होतं. मॅट्रिकच्या माणसाचं अक्षर चांगलं असतं, तू खिडकीतच शोभतोस, असं मुकादम म्हणाला होता. चांगल्या अक्षराचा असा सूड उगवलेला कमळाकरनं दुसरीकडं पाहिला नव्हता.

म्हणजे सगळं आता त्या पाटावरच्या टीचभर धुडावर येऊन ठेपलं होतं.

हे इंजिन डिझेलच्या जातीचं, त्याला ठिणगी लागत नाही. ईथर, रॉकेल आणि एरंडेल मिसळून त्याला पाजायचं, डोक्यावरचा स्क्रू पिळून दाब जमवायचा आणि पुढचा लाकडी पंखा बोटानं झटक्यात फिरवायचा. इथवर कुणालाही जमेल. खरी मेख कार्बुरेटरमध्ये. कार्बुरेटर म्हणजे काय, तर हवा आत ओढायची एक नळी आणि त्या नळीत आडवी घुसलेली सुई. सुई आत पिळली की तेल कमी, बाहेर काढली की तेल जास्त. तेल जास्त झालं की इंजिन फडफडतं, धूर ओकतं आणि समोरच्याच्या बनियनवर एरंडेल शिंपडतं. कमी झालं की आवाज चढत चढत किंचाळीला जातो, इंजिन तापतं आणि मरतं. या दोहोंच्या मधे कुठंतरी अर्ध्या आट्याची जागा असते. तिथं सुई बसली की आवाज गोल होतो, एकसुरी होतो आणि मग तेल संपेपर्यंत इंजिन तुमच्याकडं काही मागत नाही. तो आवाज कमळाकरनं मुंबईच्या एका मैदानात कुंपणाबाहेरून ऐकला होता. तेव्हापासून तो त्याच्या कानातून गेला नव्हता.

ती अर्ध्या आट्याची जागा त्याला सापडत होती, हेच तर दुःख. सापडत नसती तर माणसानं हात टेकले असते. संध्याकाळी कामावरून आला की तो ताजं मिश्रण करायचा, सुई साफ करायचा, एकेक केसभर पिळत आवाज जुळवायचा, आणि इंजिन खरंच चार श्वास गोल वाजायचं. ईथर मिळायची मारामार. ठाण्याचा औषधवाला ते द्यायचा, पण देताना कमळाकरकडं असा बघायचा की हा कुणाला बेशुद्ध करणार आहे. त्यामुळं जास्त न जाळता तो तिथंच थांबायचा. सुईला चर पाडून खूण करायचा, बाटलीला बूच लावायचा आणि सुखानं जेवायचा. सकाळी उठून बघावं तर सुई जागची हललेली नसायची आणि आवाज मात्र गेलेला. इंजिन सुरू व्हायचं, चढायचं, किंचाळायचं, मरायचं. सुई बाहेर काढावी तर एकदम भसकन तेल यायचं आणि पंखा ओल्या कोंबड्यासारखा जागीच थरथरायचा. सुई आत घालावी, पुन्हा किंचाळी. ये रे माझ्या मागल्या.

शेजारचा दादू जन्मभर लाँचवर खलाशी होता आणि आता त्याला उद्योग नव्हता. तो रोज सकाळी दात घासत यायचा आणि सल्ला ठेवून जायचा. "खारी हवा हाय ती. सुईला खाते." दुसऱ्या दिवशी, "पाट पूर्वेला तोंड करून ठेव." तिसऱ्या दिवशी, "कोनाची तरी नजर लागली." कमळाकरनं पाट पूर्वेला ठेवला. काय करतो? बुडत्याला काडीचा आधार. धोंडूबाईनं दृष्टही काढली आणि ओवाळलेल्या मिरच्यांचा खकाणा नाकात जाऊन कमळाकर अर्धा तास खोकत बसला.

इंधनाबद्दल मात्र त्याला तिळमात्र शंका नव्हती. प्रत्येक थेंब तो आईच्या जुन्या तलम लुगड्याच्या घड्यांतून गाळून घ्यायचा. बाटली ठेवायचा ती देवळीत, देवांच्या शेजारी, कारण चुलीपासून लांब अशी घरात तेवढीच जागा होती आणि ईथर म्हणजे बसल्या जागी भडकणारी चीज. सुई काढली की तिच्या टोकाला पिवळा चिकटा दिसायचा. एरंडेलाचा पिवळा चिकटा बसतो हे त्याला चोरबाजारवाल्यानं आधीच बजावलं होतं, म्हणून तो पुसायचा आणि पुढं जायचा. मग दोष कुणाचा? सुईचा. त्यानं सुई घासली, सरळ केली, काशीच्या शिवणाच्या डब्यातली सुई तासून नवी घडवली. नवीही तशीच निघाली. "ही सुई न्हाय, सवत हाय," तो म्हणाला, आणि ती अंगणात भिरकावून दिली. मग चपला न घालता अर्धा तास चिखलात शोधत बसला.

काशी हे बघत असायची. एकदा ती म्हणाली, "आवो, बाबांच्या इंजिनालापन असंच व्हतंय. चडतंय न् मरतंय."

"तुज्या बाबांचं इंजिन न् याचा काय संबंद? ते केवडं, हे केवडं," कमळाकर खेकसला. माणूस वैतागला की त्याचे कान सगळ्यात आधी बंद होतात.

आणि गोटीराम यायचा दिवस उजाडला.

त्या दिवशी कमळाकरनं पहाटेच उरलंसुरलं ईथर घालून मिश्रण केलं, दोनदा गाळलं. मोठी बाटली देवळीत ठेवली. थोडं मिश्रण उरलं, ते खोकल्याच्या औषधाच्या लहान बाटलीत भरून सदऱ्याच्या खिशात टाकलं. वेळवखत सांगून येत नाही. मग तो धक्क्यावर गेला.

गोटीराम भरतीबरोबर मचव्यातून आला. पांढरी टोपी, खांद्यावर नवा रुमाल, हातात लेकीसाठी सुकटीची पिशवी. उतरता उतरताच म्हणाला, "ओहटी लागायच्या आदी निंगायचं हाय मना. किती वाजलं?" आणि जावयाच्या मनगटाकडं बघितलं. मनगटावर एरंडेल होतं.

"घड्याल दुरुस्तीला दिलंय," कमळाकर म्हणाला.

"नवं घड्याल?"

"खाऱ्या हवेनं," कमळाकर म्हणाला. दादूचा एक तरी सल्ला कामी आला.

घरी पोचेपर्यंत अंगणात गाव जमलं होतं. नारळी पौर्णिमेआधी होड्या वर ओढलेल्या, जाळी दुरुस्त करून झालेली, माणसांना दुसरी करमणूक नव्हती. काशीनं बाटली आणून पाटाजवळ ठेवली. गोटीराम चहा न घेता पाटासमोर उकिडवा बसला आणि इंजिनाकडं असा बघू लागला, जसा तो बाजारात शिळ्या पापलेटाकडं बघत असे.

कमळाकरनं टाकी भरली. खुणेवर सुई आणली. पंखा फिरवला. इंजिननं उलटा फटका दिला. पुन्हा फिरवला. तिसऱ्यांदा ते पेटलं आणि अंगणातल्या कोंबड्या पांगल्या. आवाज गोल झाला. कमळाकरनं श्वास धरला. आणि मग, कुणी सुईला हातही लावला नसताना, आवाज चढू लागला. चढला, किंचाळला, मेला.

"झालं?" गोटीराम म्हणाला.

"तापतंय जरा. थांबा."

त्यानं सुई अर्धा आटा मागं घेतली. या खेपेला इंजिन पेटलं, भसकन धूर ओकलं, गोटीरामच्या पांढऱ्या टोपीवर एरंडेलाचे शिंतोडे उडवले आणि थांबलं. मागं कुणीतरी खुसखुसलं. कमळाकरच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. त्यानं पंखा जोरानं झटकला, आणि इंजिननं उलटं फिरून त्याच्या बोटाचं सालटं काढलं. रक्त आलं.

"मी सांगितलं व्हतं, खारी हवा," दादू मागून म्हणाला.

"काशे, हलद आन," गोटीराम उठत म्हणाला.

काशी हळदीची वाटी घेऊन आली. कमळाकरनं बोट पुढं केलं. सासरा कितीही खवट असला तरी वेळेला मायेचा आहे, असं त्याच्या मनात आलं. गोटीरामनं हळदीची चांगली जाड चिमूट घेतली, जावयाच्या बोटावरून हात पुढं नेला, आणि ती चिमूट इंधनाच्या बाटलीत सोडली. वर अंगठा दाबून बाटली हलवली.

"पयला घास," तो म्हणाला. "उपाशी इंजिन चालतंय व्हय?"

"मी दिलाय बाबा सकाली," काशी म्हणाली. "ते धक्क्यावर गेल्यावर. रोजच देते, पूजा करताना."

कमळाकर बोट पुढं करून तसाच उभा राहिला. रक्ताचा थेंब पाटावर पडला.

रोजच देते. तलम लुगडं, दोनदा गाळणं, घासलेल्या सुया, पूर्वेला तोंड केलेला पाट. काखेत कळसा आणि गावाला वळसा! हळदीचा कण सुईच्या टोकाशी अडकला की तेल तुटायचं, इंजिन किंचाळून मरायचं; सुई मागं घेतली की कण सुटायचा आणि लोंढा यायचा. पिवळा चिकटा म्हणे एरंडेलाचा. महिनाभर तो हळद पुसत होता आणि सुईला सवत म्हणत होता. त्याला इतका राग आला की हसू यायला लागलं, आणि हसू दाबल्यानं पुन्हा राग आला.

"मामा," तो म्हणाला, "होडीच्या टाकीतपन हलद घालता?"

"मंग? रोज पाटं. नामा यायच्या आदी, माज्या सोताच्या हातानं. देवाचं काम ड्रायव्हरवर टाकायचं नसतंय."

"चिमूटभर?"

"होडी मोटी, घास मोटा," गोटीराम म्हणाला. "मूठभर."

कमळाकरच्या डोळ्यांसमोर आता दुसरी सुई दिसली, होडीच्या पोटातली. जाळीवरचा गाळ. भर समुद्रात ओणवा होऊन तो गाळ उपसणारा नामा. आणि त्याच वेळी त्याचा हात सदऱ्याच्या खिशाला लागला. खिशात लहान बाटली होती. निखळ, गाळलेली, एकही कण नसलेली.

काय सोपं होतं! आत जाऊन सुई धुवायची. थोडं तेल सांडलं म्हणायचं आणि खिशातल्या बाटलीतून टाकी भरायची. इंजिन वाजेल. सासरा म्हणेल, बघा, घास पोचला. होडी हातात येईल. मग रोज पहाटे मूठभर हळद पडली तरी काय बिघडतं? टाकीच्या तोंडाशी आतून चांगलं दुहेरी कापड बांधायचं आणि रोज गुपचूप झटकायचं. सासऱ्याची पूजा राहील, होडी बंद पडणार नाही, आणि बंदरावर म्हणतील, जावयाच्या हाताला गुण आहे. फक्त बोलायचं नाही. बोललं की हळदीचा दोष ठरला, हळदीचा ठरला की नामाचा उरला नाही, आणि नामाचा उरला नाही की कमळाकरची खिडकी कायमची. हे सगळं त्याला अगदी स्वच्छ दिसलं. इतकं स्वच्छ त्याला महिन्याभरात काही दिसलं नव्हतं.

गोटीरामनं हलवलेली बाटली त्याच्यापुढं धरली. तळाशी पिवळं धुकं फिरत होतं. "घ्या. आता चालंल. नाय चाललं तर तुमच्या हातात खोट, दुसरं काय? त्या नामासारकी."

आणि कमळाकरचं तोंड उघडलं. पुढं त्यानं स्वतःलाच अनेकदा विचारलं, की का उघडलं. सत्यासाठी उघडलं असं म्हणायला तो काही हरिश्चंद्र नव्हता. महिनाभर साचलेला वैताग होता, त्याला बाहेर पडायला कुठलं तरी भोक हवं होतं.

"नामाच्या हातात खोट नव्हती!" तो ओरडला. "हलद हाय मामा ही, हलद! इंजिनाच्या नरड्यात हलद! खायाला काय ते मानूस हाय?"

धोंडूबाई दारातून म्हणाली, "गप रं, सासरा हाय तो." पण आता गाडी उताराला लागली होती. कमळाकरनं सुई उपसून काढली, आपल्या सदऱ्यावर पुसली. पिवळा पट्टा उमटला. त्यानं सदरा ताणून सासऱ्याच्या नाकाशी नेला.

"वास घ्या. एरंडेल हाय का हलद, तुमीच सांगा."

गोटीरामनं वास घेतला. त्याला घ्यावाच लागला, सदरा नाकाला टेकला होता. त्याचा चेहरा आधी तांबडा झाला.

"म्हंजे माजी पूजा खोटी?"

"पूजा खरी. जागा चुकली. लावा ना वरनं, भायेरनं लावा, पिवलंधमक करा. पोटात नको."

"चालवून दाव," गोटीराम दात आवळून म्हणाला. "आदी चालवून दाव, मंग तोंड वाजव."

कमळाकर खाली बसला. टाकी ओतून टाकली, रॉकेलनं विसळली. नळी तोंडात धरून फुंकली, सुई शिरते ते भोक उजेडात धरून बघितलं, पुन्हा फुंकलं. खिशातली बाटली काढली. काशीनं ती बघितली, आणि नवऱ्याकडं बघितलं. त्यानं तिच्याकडं बघायचं टाळलं. टाकी भरली. फाटक्या बोटानं पंखा झटकला.

पहिल्याच झटक्यात पेटलं. फडफडत होतं, तेल जास्त होतं. त्यानं सुई हळूहळू आत पिळली, एक केस, आणखी एक केस. आवाज वर आला, धूर विरळ झाला, फडफड सांधली गेली आणि एका जागी येऊन आवाज गोल झाला. कमळाकरनं सुईवरचा हात काढला. सगळे चढण्याची वाट बघत होते. चढला नाही. किंचाळला नाही. पंख्याच्या वाऱ्यानं गोटीरामचा रुमाल फडफडत राहिला, पाट मातीवर हलके हलके सरकू लागला, तेव्हा दादूनं पुढं होऊन त्यावर पाय दिला. कुणी बोललं असतं तरी ऐकू आलं नसतं. इंजिन वाजत राहिलं, वाजत राहिलं, आणि कमळाकरला त्या वेळापुरता होडीचा, खिडकीचा, सगळ्याचा विसर पडला. टाकीतलं तेल संपलं तेव्हा ते आपणहून थांबलं.

गोटीराम पाटाकडं बघत बसला. टोपीवरचे शिंतोडेही त्यानं पुसले नाहीत.

"नामाला ठावं असंल?" त्यानं शेवटी विचारलं. आवाज खाली आला होता.

"असनारच, मामा. जाली तो साफ करायचा. हलदीचा वास कोनाला कलत नाय?"

"मंग बोलला का नाय?"

उत्तर दिलं ते धोंडूबाईनं, दारातूनच. "तुमास्नी कोन बोलनार, व्याही?"

गोटीराम उठला. चहा तसाच राहिला. कमळाकर त्याला धक्क्यापर्यंत सोडायला गेला. ओहोटी लागली होती, खाडीचा काठ उघडा पडू लागला होता, मचवेवाला घाई करत होता. मचव्यात पाय टाकताना म्हाताऱ्यानं मागं वळून पाहिलं.

"तुमी चालवलंत. टाकी रिकामी होईस्तवर चालवलंत," तो म्हणाला. "शबूद दिला व्हता मी. पन मी आता मिटागरावर जातो. नामाला बोलवतो. येतो का बगतो."

"येईल," कमळाकर म्हणाला.

"नाय आला तर?"

"येईल, मामा. तुमी सोता गेलात तर येईल."

मचवा निघाला. कमळाकर बघत राहिला नाही, वळून घरी आला. अंगण रिकामं झालं होतं. काशी पाटापाशी बसून सांडलेलं तेल राखेनं पुसत होती. हळदीची वाटी तिथंच पडली होती. तिनं नवऱ्याच्या तोंडाकडं बघितलं आणि काय झालं ते तिला विचारावं लागलं नाही.

"खिशात दुसरी बाटली व्हती," ती म्हणाली. "गपचूप तीच वतायची. बाबांना काय कललं असतं?"

"कायच कललं नसतं."

"मंग?"

कमळाकर तिच्यासमोर बसला. तिनं हळद घेतली आणि त्याच्या फाटक्या बोटावर दाबली. त्यानं हात मागं घेतला नाही. पाटावरची सुई उचलून तो उजेडात धरून बघत राहिला, जणू तिथं अजून काही अडकलं असेल.

"सबंद म्हैना मी हिला शिव्या घातल्या, काशे," तो म्हणाला. "हिची काय चूक व्हती?"